थोल म्हणजे काय सोसणे

१४ ऑगस्ट १९७८, सोमवार

सकाळची हजेरी. पलटणीतली सवय, सुटत नाही. उठलं की घरातल्या एकेकाला विचारायचं.
सौ., गुडघे कसे? "हायती जागेवर."
सुशी, हात? "बरा हाय, आबा."
छकुली, खोकला? छकुलीनं खोकूनच दाखवला.
म्हैस, रवंथ नीट. माझा डावा डोळा धुरकट, पण चष्मा लावून वाचता येतं. पाऊस महिनाभर आहे तसाच, मेढ्याकडचा डोंगर दिसलेला नाही. एकंदर सगळे हजर.

सुशी पंचमीला सासरहून आली, लेक छकुलीला घेऊन. पंचमी होऊन आठवडा झाला. ती सांगलीला परत जायचं नाव काढत नाही, मीही काढत नाही. लेक घरात असली की कणगी भरल्यासारखी वाटते.

दुपारी देशमुख मास्तर आले. पेन्शनीत गेले तरी मंडळाचं गणपतीतलं हस्तलिखित त्यांच्याच डोक्यावर. म्हणाले, "आबा, तुमचं इंग्रजी शाळेबाहेरचं. आम्ही पोरांना कधी शिकवला नाही असा एखादा शब्द घ्या आणि त्याच्यावर दोन पानं लिहा."
मला विचार करावा लागला नाही. म्हटलं, थोल.
"हा कुठला?"
"स्कॉटलंडचा."
मास्तरांनी घरी जाऊन कोश पाहिला असणार. नसणारच त्यात.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन भिजत. आल्यावर लेखाला हात घातला.

शब्द कसा मिळाला ते आधी. लढाईत आमच्या गाड्यांच्या कारखान्यात मॅकी नावाचा सार्जंट होता, स्कॉटलंडचा मेंढपाळ. मी तेव्हा खोक्यांवरची अक्षरं लावून लावून इंग्रजी शिकत होतो. बिस्किटाच्या खोक्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या मास्तरानं नाही. एकदा माझी दाढ ठणकत होती आणि डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर. मॅकी शेजारी बसून म्हणाला, थोल कर. हातानं दाखवलं: ओझं पाठीवर घेतलं आणि चालत राहिला.
म्हणजे सोसणे. पण नुसतं सोसणे नाही. कुरकुर न करता, कणा ताठ ठेवून.

हा लेख झकास होणार. सोसण्यावर लिहायला आपल्याकडे माल कमी नाही. सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे सौ.नं जात्यावर बसून मला शंभरदा ऐकवलं आहे.

१७ ऑगस्ट

ताटातल्या भाकरीची एक कड जाड, एक पातळ. तीन दिवस हेच. आज चुलीपाशी जाऊन बसलो. सुशी उजव्या हातानं थापते, डाव्यानं नुसती फिरवते. हात दुखतो एवढंच ठाऊक होतं; मनगट वाकडं बसलं आहे.
"ह्ये कसं झालं गं?"
"विहिरीच्या पायरीवरनं घसरले."
"कवा?"
"झालं की शिमग्यात. खावा आता, गार हुतीया."
सौ. तव्याकडे बघत राहिली.

१९ ऑगस्ट, शनिवार

पहाटेच्या गाडीनं सातारा. वाचनालयातला मोठा इंग्रजी कोश मागितला. ग्रंथपाल ओळखीचे, त्यांनीच टेबलावर आणून ठेवला, म्हणाले, "आबा, तुमच्याशिवाय ह्याच्यावरची धूळ कोणी झटकत नाही."

थोल सापडला. फार जुना, हजार वर्षांचा. शहरच्या इंग्रजीतून गेला, उत्तरेकडच्या खेड्यांत राहिला. आपल्याकडे जुने शब्द डोंगरात राहतात तसंच. कोशात उतारे किती. जुन्या काव्यात लढवय्या जखम थोल करतो, दर्यावर्दी वादळ, साधू उपास, मेंढपाळ हिवाळा. एका ठिकाणी राज्य गेलेला राजा एकटेपण थोल करतो. तिकडे म्हणही आहे, सोसेल तो जिंकेल अशा अर्थाची. सगळं उतरून घेतलं. शेवटी एक बारीक टीप: काव्यात शब्द असा येतो, बोलण्यात मात्र बहुधा नकारानं, मला हे थोल होत नाही, असा. ती टीप वेळेअभावी सोडली. गाडी चुकली असती.

येताना गाडीतच पहिला परिच्छेद झाला. "थोल हा थोरांचा गुण होय." बरा जमला आहे.

२१ ऑगस्ट, सोमवार

आजचा दिवस लिहायला नको वाटतो, पण लिहितो.

सुशी आईजवळ बसून तांदूळ निवडत होती. मी लेखाचे कागद दिले, म्हटलं, वाच मोठ्यानं, तुझी सातवी झालीया, कुठं अडतंय बघू. तिनं वाचलं. "मुकाट्याने सोसणारा माणूस हाच घराचा खांब." तिथं थांबून हसली.
"आबा, लय झ्याक लिवलंय. आमच्या सासूबाईस्नी धाडा. त्यास्नी पाठ हुईल."
मी म्हटलं, थट्टा करतीस व्हय?
"न्हाई. त्या बी ह्येच म्हनत्यात, बिनइंग्रजीचं."

मग तांदूळ निवडता निवडता सांगितलं. आमटी करपली होती. दत्तूनं, म्हणजे जावयानं, आईच्या देखत हात पिरगळला. सुपातून दाणे खाली पडले की बोलणं थांबायचं, गोळा झाले की पुन्हा. पहिली वेळ नव्हे. हाडवैद्याकडे आठ दिवसांनी नेलं, तोवर हाड वाकडं जुळायला लागलं होतं. ती रडली नाही. शेवटी म्हणाली, "आता खडा ऱ्हायला असंल तर तुमीच बघा, मला डावीकडनं सूप धरवत न्हाई."

कागद तिच्या मांडीवर तसेच. तिनंच नीट घडी करून परत दिले. "अक्षार चांगलं हाय," म्हणाली.

२२ ऑगस्ट

सौ.ला ठाऊक होतं. पंचमीच्या दिवशीच कळलं होतं तिला. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.
"सांगून काय करनार हुता? बंदूक घिऊन जानार हुता?"
"गेलो असतो."
"म्हनून न्हाई सांगितलं. बाईच्या जातीला सोसायचं असतं. मी न्हाई सोसलं? तुमी लढाईवर, सासू आजारी, घरात दोन पोरं दगावली. कुनाला सांगितलं मी?"
ती दोन पोरं मी पाहिलीसुद्धा नाहीत. पाणी प्यायलो आणि गोठ्यात गेलो.

गोठ्यात बसून साताऱ्याचे उतारे पुन्हा वाचले. वादळ, हिवाळा, जखम, उपास. सौ.नं जे सोसलं ते ह्यात बसतं. ताप कुणाचं ऐकत नाही, मरण ऐकत नाही. हिवाळ्याला कुणी थांब म्हणू शकत नाही. दत्तूला म्हणता येतं. त्याला कान आहेत, आई आहे, सासरा आहे. मग तिथं सोसण्याचा सवाल येतो कुठून?

मॅकीचं आणखी एक आठवलं. एक गडी खेचराला चाबकानं फोडत होता. मॅकी उठला, चाबूक काढून घेतला, तोच शब्द म्हणाला, पण आधी नाही लावून. गडी दांडगा होता, तरी गप्प बसला. मी हे लेखासाठी आठवलं नव्हतं, कारण लेखाला सोयीचं नव्हतं.

पहिलं पान फाडलं. सुशीला सांगलीला पाठवायचं नाही. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "सासरचं मूळ येऊ द्या तिला न्यायला, मग बघू तुमचा कना."

२५ ऑगस्ट, शुक्रवार

मूळ आलं. सुशीचे चुलत सासरे, तात्या. माणूस वाईट नाही. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं आहेत, तिथं मुकादम. पिशवीत छकुलीला खाऊ, सौ.ला हळद.

पण झालं असं. आज श्रावणी शुक्रवार, जिवतीसाठी पुरण चुलीवर होतं. आमच्याकडची रीत अशी की मूळ आलं आणि ताटात भाकरी आली तर बोलणं बाकी आहे. पुरणपोळी आली तर लेक निघाली. तात्या उंबऱ्यातच थांबले, वास घेतला आणि पायातलं काढत म्हणाले, "वा वहिनी, म्हंजी ठरलंच की तुमचं. मी वाटंनं घाबरत आलो हुतो."
सौ.नं खरं सांगायला हवं होतं. ती पदर सावरून म्हणाली, "हात पाय धुवा, पोळी गरम हाय."

मी बाहेरून गवताचा भारा घेऊन आलो तर तात्यांच्या पुढ्यात दुसरी पोळी, वर दूध. सौ.नं माझ्याकडे बघितलंच नाही. तात्या शेजाऱ्यांना ओसरीवरून सांगत होते, उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय. अर्ध्या तासात आळीभर झालं. दोन बायका सुशीची ओटी भरायला तांदूळ घेऊन आल्या.

रीत मोडायला तोंड उघडायचं कुणी? मी म्हटलं, तात्या, पुरण जिवतीचं आहे.
तात्या म्हणाले, "आबा, पुरन पुरन असतंय. पोटात गेल्यावर ते जिवतीचं का मुळाचं, कोन इचारतं?"
आलेल्या बायकासुद्धा हसल्या.
सुशी आत होती. मी तिला काहीच विचारलं नव्हतं, चार दिवसांत एकदासुद्धा नाही. पाठवायचं नाही हे मी ठरवलं, पाठवायचं हे सौ.नं ठरवलं.

२६ ऑगस्ट

सकाळी तात्या धोतर नेसून तयार. सुशी बाहेर आली ती रोजच्याच लुगड्यात, हातात चहाची कपबशी.
"तात्या, च्या घ्या."
"तू आवर पोरी, गाडी चुकंल."
"मी येत न्हाई."
"अगं, पुरन जेवलोय मी."
"पोटभर जेवलासा न्हवं? जिवतीसाठी क्येलं हुतं, पावना जेवला. कमी पडलं असंल तर डब्यात देते."
तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सौ.कडे. सौ. खाली बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. मला वाटलं आता ही सुशीला बोलणार. तर तात्यांना म्हणाली, "भावजी, चूक माजी. काल मला बोलाय पायजे हुतं. पोरीचा हात बघितलासा का तुमी?"
तात्या म्हणाले, बघितलाय. कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला धाडलं, म्या आलो. मी दत्तूला काय सांगू?"
सुशी म्हणाली, "आबा सांगत्याल. ते सांगलीला येनार हायती."
मला हे तिथंच कळलं.

तात्या गेले. सौ. दुपारी सुशीच्या हाताला तेल लावत बसली होती.

२९ ऑगस्ट, मंगळवार, सांगली

जाण्याआधी सुशीनं बजावलं होतं. "भांडू नगा. दोनच गोष्टी. मी येनार तर येगळ्या खोलीत, आन न्यायला त्यांनी सोता यायचं, मूळ न्हाई. आनि एक बगा, माजा हात कसा हाय असं ते आपनहून इचारत्यात का."

सातारा, कऱ्हाड, मग सांगली. हरिपूरला दत्तू कामाला असतो त्या पेवांवर गेलो. एक पेव उघडून ठेवलं होतं, गडी भोवती बसून होते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, कोंडलेली वाफ जाऊ देतात. दत्तूही त्यांच्यात. कोपरापर्यंत पिवळा. मला बघून उठला, पाया पडला.
पहिलं वाक्य: "सुशी कवा येनार?"
दुसरं: "आईला काम हुत न्हाई."
मी थांबलो. तिसरं वाक्य येईल म्हणून थांबलो. आलं नाही.
मग मी म्हटलं, तिचं मनगट वाकडं बसलंय, आयुष्यभर तसंच राहणार.
"रागाच्या भरात झालं, आबा. संसारात भांडनं हुत्यातच की."
"भांडन दोगांचं असतं. तुजा हात दाव."
त्यानं खरंच दोन्ही हात पुढे केले. काय मनात होतं कुणास ठाऊक. शेजारचा गडी हसला. दत्तूनं हात मागे घेतले.

दोन्ही अटी सांगितल्या. म्हणाला, "आईला सोडून येगळं? लोक काय म्हंत्याल?"
घरी विहीणबाईंना भेटलो. त्यांनी पाणी दिलं, चांगली वागणूक. म्हणाल्या, "तुमची लेक नाजूक. आमच्या हाताचं कुनी लिवून ठेवलं न्हाई. आमी सोसलं म्हनून ह्यो परपंच उबा हाय."
मी म्हटलं, बाई, तुम्ही सोसलं ते खरं. तुमचा हात कुणी मोडला होता?
त्या भांडी उचलून आत गेल्या.

स्टँडवर गाडीत बसलो होतो. दत्तू पळत आला. खिडकीतून पुडी दिली, छकुलीच्या खोकल्याला हळद. गाडी सुरू झाली तरी दांडीला धरून होता. म्हणाला, "आबा, डाव्या हातानं काय उचलतीया का ती?"
मी सांगितलं, सूप धरता येत नाही. त्यानं दांडी सोडली.

३० ऑगस्ट

रस्ताभर विचार. हे सांगावं की नाही. सांगितलं तर पोरगी विरघळेल आणि जाईल. न सांगितलं तर तिच्या वतीनं मीच ठरवल्यासारखं. सांगितलं.
सुशी गोवऱ्या रचत होती. ऐकून हात थांबला नाही.
"आपनहून इचारलं?"
"आपनहून. पर शेवटी, गाडी हालल्यावर."
"पळत आलं हुतं?"
"व्हय."
एवढंच. पुढच्या सगळ्या गोवऱ्या एका रांगेत लागल्या.

सौ.नं मला विचारलं, काय वाटतं? म्हटलं, मला वाटून काय उपयोग. ती म्हणाली, "ह्ये शानपन चार दिसाआधी आलं असतं तर पुरन वाचलं असतं." मग दोघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

१ सप्टेंबर, शुक्रवार

लेख पुरा केला. आधीचा नव्हे. लढवय्या, दर्यावर्दी, मेंढपाळ सगळे ठेवले, त्यांनी सोसलं ते सोसण्याजोगं होतं म्हणून. त्यांच्या खाली कोशातली ती सोडलेली टीप घातली, मॅकीचा चाबूक घातला. शेवटी लिहिलं: "देवानं दिलेलं थोल करावं. माणसानं दिलेलं आधी परत करून बघावं." सुशीचं नाव कुठंच नाही.

मास्तरांनी वाचलं. म्हणाले, "आबा, लेख उत्तम. शेवटच्या दोन ओळी काढू. गणपतीत आयाबाया वाचतात, उगीच घराघरांत काही निघेल."
"निघू दे की."
"मंडळावर येईल."
"मग पुरा लेख परत द्या. अर्धा देत नाही. अर्धा लिहिला होता तो मी फाडला."
मास्तर कागद हातात धरून बसले. परतही देईनात, होही म्हणेनात. जाताना वेगळंच बोलले. शाळेशेजारी बालवाडी निघते आहे, सातवी झालेली बाई हवी आहे. हात वाकडा चालेल का, मी विचारलं. "पोरांना गाणी शिकवायची आहेत, आबा. सूप नाही धरायचं." मास्तरांना कुणी सांगितलं हे मी विचारलं नाही. गावाला सगळं ठाऊक असतं.

सुशीला सांगितलं. म्हणाली, "बघते." पण दुपारी छकुलीला समोर बसवून गाणं म्हणत होती, आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

४ सप्टेंबर, सोमवार

पाऊस थोडा उघडला. छकुलीचा खोकला कमी. लेखाबद्दल मास्तरांचा निरोप अजून नाही.

सांगलीहून कुणी आलं नाही. सकाळी सुशीनं पोस्टकार्ड मागितलं. मी म्हटलं, सांग, लिहितो. "माजं मी लिवते. इचार माजा हाय न्हवं?" चुलीपाशी पाटावर बसून लिहिलं. डाव्या हाताच्या कोपरानं कार्ड दाबून धरलं. मग मला दिलं वाचायला, पण चूक काढायची नाही अशा अटीवर. उतरून ठेवतो.

"सा. न. वि. वि. हळद पावली. छकुलीचा खोकला उतरला. माझ्या डाव्या हातानं तांब्या उचलतो, घागर नाही, सूप नाही. तुम्ही विचारलं म्हणून कळवते. मला इथं बालवाडीचं काम मिळतंय. ते मी धरणार आहे, सांगलीला आले तरी तिथं असं काम बघीन. वेगळी खोली बघितली असेल तर किती लांब ते लिहा. बघितली नसेल तर तसंही लिहा, मी वाट बघत बसणार नाही. तात्यांना पाठवू नका, त्यांचा मान आहे पण मी येणार नाही. सासूबाईंना नमस्कार सांगा. त्यांचे पाय दुखत असतील तर इथला पाला पाठवते."

सौ.नं वाचून घेतलं दोनदा. म्हणाली, सासूच्या पायाचं कशाला लिहिलंस. सुशी म्हणाली, "त्यांचं पाय खरंच दुखत्यात, आये."

कार्डाच्या कडेला बोटभर जागा उरली होती. मला म्हणाली, तुमी काय तरी लिवा. काय लिहावं सुचेना. आशीर्वाद लिहावा की दम भरावा. तिच्या पत्रात माझी लुडबूड कशाला. शेवटी बारीक अक्षरात एवढंच लिहिलं: दत्तोबा, होय असो की नाही असो, दोन ओळी लवकर लिही. पोस्टमन आमच्याकडे एक दिवसाआड येतो.